उंचावलेली गाडी आणि डोंगराची वाट

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या सडकेवर बोरी हे गाव आहे. गावाभोवतीचे शिवार पाहणाऱ्यास येथे डोंगरवाटेचा विषय काढणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. कारण नजर पोहोचेल तिथवर काळी, कसदार आणि जवळजवळ सपाट अशी जमीन पसरलेली आहे. परंतु जिंतूर ओलांडून येलदरीच्या धरणाकडे वळले, की भूमीचे रूप पालटते. अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे आलेले फाटे दिसू लागतात. नेमगिरीसारख्या टेकड्या, मुरमाड माळ, पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाणाऱ्या घळी आणि गुरांनी व बैलगाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तुडवून पाडलेल्या वाटा यांचा मुलूख सुरू होतो. सह्याद्रीच्या माथ्यावरून आलेल्या माणसास या टेकड्या ठेंगण्या वाटतील हे खरे. तथापि वाटेचे काठिण्य डोंगराच्या उंचीवर अवलंबून नसते, चाकाखाली येणाऱ्या प्रत्येक हातभर जमिनीवर ते अवलंबून असते, आणि त्या दृष्टीने पाहता जिंतूरची टेकडी व भंडारदऱ्याचा कडा यांचा पाषाण एकच आहे.

अलीकडे आमच्या तालुक्याच्या गावांतूनही मध्यम आकाराच्या, ज्यांना सर्रास कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात अशा गाड्या पुष्कळ दिसू लागल्या आहेत, आणि त्यांतील काही गाड्यांचे मालक त्या गॅरेजात नेऊन स्प्रिंगांखाली वा शॉकअपच्या माथ्यावर स्पेसर बसवून तीनचार सेंटिमीटरनी उंच करून घेतात. उंची वाढली की गाडी डोंगर चढण्यास लायक झाली, अशी एक समजूत यामागे आहे. तिच्यात सत्याचा अंश आहे, पण तो अंशच आहे. आणि उरलेले सत्य ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ गाड्यांचे चेंबर फुटतात, काहींचे ॲक्सल निखळतात, आणि क्वचित माणसाच्या जिवावरही बेतते. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर चिकित्सा करणे मला अगत्याचे वाटते.

आपल्या देशात रस्ता सोडून चालणाऱ्या मोटारीची ओळख प्रथम जीपने करून दिली. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत घडविलेली विलीज कंपनीची ही गाडी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रांच्या कारखान्यात जुळविली जाऊ लागली, आणि पुढे कलेक्टर, तहसीलदार, जंगल खाते व पाटबंधारे खाते यांच्या दौऱ्यांची ती जणू अधिकृत स्वारीच ठरली. त्या गाडीत सुखसोयीचा लवलेश नव्हता; पण तिची घडण ज्या कामासाठी होती त्या कामाशी ती पूर्णतः एकनिष्ठ होती. पोलादी शिडीसारखी चेसिस, पुढेमागे अखंड ॲक्सल, पाट्यांचे स्प्रिंग, चारही चाकांना गती देण्याची सोय, आणि मुख्य गियरखेरीज आणखी एक दांडा, जो खाली पाडला असता चाकांवरील ओढ सुमारे दुप्पट होऊन गाडी गोगलगाईच्या गतीने चढण चढू लागे. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर अवघे ८० इंच, म्हणजे सुमारे २.०३ मीटर होते. ही शेवटची बाब फार महत्त्वाची आहे, आणि उंचीच्या भरात तीच बहुधा विसरली जाते.

आजची कॉम्पॅक्ट एसयूव्ही ही वंशाने जीपची नव्हे, शहरातील मोटारगाडीची सोयरी आहे. तिला स्वतंत्र चेसिस नसते, पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा असतो. बहुतेक गाड्यांत इंजिनाची गती फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. आणि दुय्यम गियरचा तो दांडा जवळजवळ कोणत्याच गाडीत नसतो. याला सन्माननीय अपवाद झाले आहेत. २०१४ मध्ये आलेल्या डस्टरच्या चारचाकी गतीच्या आवृत्तीत दुय्यम गियर नव्हता, पण पहिलाच गियर मुद्दाम अतिशय आखूड ठेवून ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढली होती. पुणे जिल्ह्यात रांजणगावी २०१७ पासून तयार होणाऱ्या जीप कंपासची ट्रेलहॉक ही आवृत्ती २०१९ मध्ये आली. तीत जमिनीपासूनची उंची २०५ मिलिमीटर असून सुमारे ४८ सेंटिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता कारखान्यानेच दिलेली होती. याउलट नाशिकला बनणारी २०२० ची थार ही जुन्या परंपरेची गाडी: उंची २२६ मिलिमीटर, पाण्याची मर्यादा ६५ सेंटिमीटर, आणि दुय्यम गियरचा दांडा शाबूत. आपली गाडी या दोन कुळांपैकी कोणत्या कुळातली आहे, हे मालकाने प्रथम स्वतःशी निश्चित केले पाहिजे.

आता उंचीचा हिशोब पाहू. दरडीच्या माथ्यावरून वा बांधावरून गाडी पलीकडे उतरत असता पुढची चाके खाली गेलेली, मागची अजून वर यायची, आणि मधला भाग बांधाच्या कण्यावर टेकलेला, अशी स्थिती ज्याने अनुभवली आहे त्यास गाडी पोटावर बसणे म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. बांधाचा माथा किती तीव्र असला तरी गाडी टेकल्यावाचून पार होईल, हे दोन गोष्टींवर ठरते: पोटाखालची उंची आणि दोन चाकांमधील अंतर. चाकांतील अंतर २.६७ मीटर आणि उंची २० सेंटिमीटर असलेली गाडी ढोबळ मानाने १७ अंशांचा माथा ओलांडू शकते. तीच गाडी ४ सेंटिमीटरनी उंच केली, तर हा कोन २० अंशांच्या किंचित पुढे जातो. म्हणजे सर्व खटाटोपाचे फळ सुमारे ३ अंश. पोटाखालची उंची तेवढीच, २० सेंटिमीटर धरली, तरी याच हिशोबाने जुन्या जीपचा कोन २२ अंशांच्या वर येतो, तोही कोणतीही उंची न वाढवता, केवळ ती आखूड होती म्हणून. ३ अंश नगण्य आहेत असे मी म्हणत नाही. चाकोरीच्या मधोमध उभा असलेला खडकाचा कंगोरा चेंबरला लागतो की चुकतो हे पुष्कळदा दोन बोटांच्या अंतरावर ठरते. फक्त त्या फळाची किंमत काय, हेही पाहिले पाहिजे.

किंमत अशी. पुढच्या चाकांना गती नेणारे दांडे गाडी समपातळीत असताना जवळजवळ आडवे असावेत, अशी कारखान्याची योजना असते. अंग उंचावले की ते दांडे तिरपे होतात, त्यांच्या टोकांच्या सांध्यांची झीज वाढते, आणि सांध्यांवरील रबराची आवरणे, ज्यांत वंगण भरलेले असते, ती ताणली जाऊन फाटतात. एकदा आवरण फाटले की त्यात डोंगराची धूळ शिरते आणि सांधा अल्पावधीत बाद होतो. दुसरे असे, की स्प्रिंगांखाली तुकडा घालून उंच केलेल्या गाडीचे चाक विश्रांतीच्या स्थितीतच खालच्या मर्यादेच्या जवळ गेलेले असते; त्यामुळे खड्डा आला असता त्यात उतरून जमिनीचा ठाव घेण्याची मुभा त्यास कमी राहते आणि ते लवकर अधांतरी होते. ज्या खडबडीत वाटेसाठी उंची वाढविली, त्याच वाटेवर चाक जमिनीपासून सुटू लागते, हा या उपायातील मोठाच अंतर्विरोध आहे. चाकांची ठेवण बिघडून टायर एका कडेने झिजतात, दिव्यांचा झोत वर चढतो, या किरकोळ बाबी. अलाइनमेंट आणि दिव्यांची दुरुस्ती करून त्या निभावता येतात.

गाडी कलंडण्याविषयी मात्र जे भय सांगितले जाते, त्याची नेमकी मोजदाद केली पाहिजे. डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १.५६ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६५ सेंटिमीटर धरली, तर आडव्या उतारावर उभी गाडी कागदोपत्री सुमारे ५० अंशांपर्यंत उलटत नाही. गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर वर गेला तर ही मर्यादा ४८ अंशांवर येते. फरक अल्प दिसतो. पण वस्तुस्थितीत २० अंशांच्या आडव्या उतारावर वरच्या बाजूचे चाक वीतभर उंचीच्या धोंड्यावर चढले आणि खालचे तितक्याच खोल खड्ड्यात गेले, तर एकदम पंधराएक अंशांची भर पडते. त्यात स्प्रिंगांचे एका अंगास कलणे आणि गाडीचा हेलकावा मिळवा, म्हणजे ५० अंशांची ती मर्यादा फार दूर राहत नाही. आणखी एक गोष्ट, जी उंची वाढविण्यास भिणारे लोकही बिनदिक्कत करतात: १६०० किलोच्या गाडीच्या टपावरील कॅरियरवर ५० किलो सामान बांधले, तर तेवढ्यानेच गुरुत्वमध्य सुमारे साडेतीन सेंटिमीटर वर जातो. तंबू, पाण्याचे कॅन, जादा टायर हे सारे टपावर रचून डोंगरात शिरणे म्हणजे नकळत दुसऱ्यांदा गाडी उंच करणे होय. जड सामान सीटच्या मागे, तळाशी आणि घट्ट बांधलेले असावे.

परंतु चढण चढण्याचे सामर्थ्य उंचीत नसतेच. ते चाकाच्या पकडीत असते. २० अंशांची चढण घ्या, जी आमच्या टेकड्यांत सहज आढळते. तीवर गाडी तोलून धरण्यास तिच्या वजनाच्या सुमारे ३४ टक्के ओढ लागते. ज्या गाडीची गती पुढच्याच चाकांना मिळते, तिच्या त्या चाकांवर सपाटीला ६० टक्के वजन असले, तरी चढणीवर भार मागे सरकतो आणि पुढे सुमारे ४८ टक्केच उरतो. तेवढ्या भारावर ती ओढ उत्पन्न करायची, तर टायर व जमीन यांतील घर्षणांक ०.७ च्या वर पाहिजे, आणि तो कोरड्या डांबरी सडकेवर मिळतो, सुट्या मुरमावर मिळत नाही. चारही चाकांना गती असेल, तर हेच काम ०.३६ घर्षणांकावर भागते. मराठवाड्यातील पुष्कळ गाड्या कितीही उंच केल्या तरी निसरड्या चढणीवर जागच्या जागी चाके फिरवीत का बसतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. पुढच्या चाकांची गाडी तीच चढण उलट्या गियरमध्ये पाठमोरी चढविली, तर ओढणाऱ्या चाकांवरील भार ६४ टक्क्यांच्या वर जातो आणि ०.५३ घर्षणांक पुरतो. तोकड्या आणि मोकळ्या चढणीवर, मागे माणूस उभा करून, हा उपाय मी उपयुक्त मानतो. लांब घाटवाटेवर तो धोक्याचा आहे.

चार चाकांची गती असूनही गाडी अडते, तेव्हा दोष बहुधा डिफरन्शियलचा असतो. वळणावर डावे-उजवे चाक कमीजास्त फिरता यावे म्हणून ही योजना असते. पण तीमुळे दोन्ही चाकांना सारखीच ओढ मिळते, आणि एक चाक अधांतरी होऊन त्याची ओढ शून्यावर आली की जमिनीवरच्या चाकाचीही तीच गत होते. एका जुवाखालच्या दोन बैलांपैकी एकाने अंग टाकले की दुसऱ्याचा जोर फुकट जावा, तसाच हा प्रकार. जातिवंत डोंगरी गाड्यांत हे जू जखडून टाकण्याची सोय असते. कॉम्पॅक्ट गाड्यांत तिच्या ऐवजी विद्युत्‌यंत्रणा मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते आणि ओढ दुसऱ्या चाकाकडे वळविते. या यंत्रणेला आपले काम करण्यास क्षणभर अवधी लागतो. म्हणून चाक फिरू लागताच घाबरून पाय काढू नये आणि चिडून दाबूही नये, मंद व स्थिर गती ठेवावी. फार वेळ असे चालविल्यास मागच्या चाकांना गती जोडणारा क्लच तापतो आणि गाडी स्वतःच ती जोडणी सोडून देते. अशा वेळी थांबून यंत्र निवू देण्यात कमीपणा नाही.

आता ज्या जमिनीवर हे सर्व घडते तिच्याकडे वळतो, कारण या विषयातले खरे ज्ञान तिथे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले, आणि म्हणूनच आमच्या टेकड्या पायऱ्यांच्या घडणीच्या आहेत: सपाट माथा, त्याखाली उभी दरड, दरडीच्या पायथ्याशी सुटे धोंडे, पुन्हा सपाटी. माथ्यावर व उतारावर मुरूम असतो. तो कोरडा आणि दबलेला असता चाकाला उत्तम साथ देतो, पण त्यावर बारीक खडी सुटी पडलेली असली तर चाक तीवरून घरंगळते. ताज्या फुटलेल्या काळ्या पाषाणाच्या धारा फार तीक्ष्ण असतात; टायरच्या जाड माथ्याला त्या सहसा इजा करीत नाहीत, पण पातळ कुशीला चिरतात. आणि कूस चिरलेल्या टायरला पंक्चरवाल्याकडे उपाय नसतो. यास्तव धोंड्याच्या कडेने टायर घासत नेण्यापेक्षा टायर सरळ धोंड्यावर चढवावा, म्हणजे पोटही वर राहते आणि कूसही वाचते.

टेकडीच्या पायथ्याशी सुरू होते ती काळी जमीन, आणि तिच्याविषयी मी निःसंदिग्धपणे सांगतो: पाऊस पडून गेल्यावर तीत गाडी घालू नये. मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या कणांनी ती बनलेली असते. हे कण पाणी शोषून फुगतात, उन्हाळ्यात आकसतात आणि मग जमिनीस हातहात खोल भेगा पडतात. भिजलेल्या काळ्या रानात टायरच्या खाचा पाचपन्नास पावलांत लिंपून जातात, चाक गुळगुळीत गोळा बनते, चिखल मडगार्डच्या आत गच्च बसून चाकच फिरेनासे होते. येथे उंची, चार चाके, इंजिनाची शक्ती यांतले काहीही उपयोगी पडत नाही. ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि कित्येकदा पहिल्या ट्रॅक्टरला काढण्यासाठी दुसरा.

पकड वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टायरमधील हवा कमी करणे. एका चाकावर ४०० किलो भार आणि ३३ पौंड हवा असली, तर टायर जमिनीला स्थूलमानाने १७० चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा २० पौंडांवर आणली तर हे क्षेत्र २८० च्या घरात जाते, आणि मऊ झालेला टायर खडकाच्या उंचवट्याभोवती स्वतःला मुडपून धरतो. मात्र याने पोटाखालची उंची थोडी घटते, कूस अधिक उघडी पडते, आणि सडकेवर आल्यावर तशाच टायरने वेगात जाणे प्राणघातक ठरते. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप व दाबमापक गाडीत असल्यावाचून हा प्रयोग करू नये.

चढणीच्या आधी उतरून पायी वर जाऊन यावे. वाट कुठे वळते, माथ्यापलीकडे काय आहे, कोणता धोंडा डाव्या चाकाखाली घ्यायचा, हे ठरल्यावरच गाडीत बसावे. चढण व उतार शक्यतो सरळ घ्यावेत, तिरके कापू नयेत. अर्ध्यावर गाडी अडली, तर वळविण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. ब्रेकवर धरून, रिव्हर्स गियर टाकून, इंजिनाच्या रोधावर आल्या वाटेने सरळ मागे यावे. उतरताना पहिला गियर ठेवून क्लचवरून पाय काढावा. फसलेली गाडी ओढताना दोर कारखान्याने दिलेल्या हुकालाच बांधावा आणि सर्वांनी दोराच्या लांबीहून अधिक दूर उभे राहावे, कारण ताणलेला दोर वा साखळी तुटून परत येते तेव्हा ती माणूस मारते. इगतपुरीच्या परिसरात महिंद्रांनी अशा चालनाचे रीतसर शिक्षण सुरू केले. ज्यांना शक्य आहे त्यांनी कुठे तरी असे शिक्षण घ्यावेच.

पाण्याविषयी अधिक कठोर बोलले पाहिजे. करपरा असो, पूर्णा असो वा एखादा निनावी ओढा, फरशी पुलावरून पाणी वाहत असता गाडी घालणारे लोक दरवर्षी बुडतात. गाडीच्या तळाचे क्षेत्र साडेसहा चौरस मीटर धरले, तर तळापासून पाणी १० सेंटिमीटर चढताच ६५० किलो भार पाणी उचलते. दीड टनाची गाडी तळाच्या वर वीतभर पाणी आले की तरंगू लागते आणि प्रवाहाच्या स्वाधीन होते. जमिनीपासून मोजले तर हे सुमारे अर्धा मीटर होते. गाडी ४ सेंटिमीटर उंच केल्याने नदी ४ सेंटिमीटरच उथळ होते, अधिक नाही. वाहत्या पाण्यात उतरून तळ चाचपता येत नसेल, तर थांबावे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याच्या मूळ घडणीशी विसंगत बदल मान्य होणार नाहीत असे स्पष्ट केले. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलास ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा नाकारू शकते. राखीव जंगलाची हद्द भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली येते; तीत परवान्यावाचून गाडी नेणे हा गुन्हा आहे.

या सर्वांचा विचार करता माझे मत असे, की उंची वाढविण्यावर खर्च करण्यापूर्वी मालकाने खडकाळ वाटेचे जाड कुशीचे टायर, चेंबरखाली पोलादी पत्रा, हवेचा पंप आणि ओढण्याचा भक्कम दोर यांवर खर्च करावा. एवढ्याने जी वाट सुटत नाही, ती वाट त्या गाडीची नव्हे. आणि जिंतूरच्या टेकड्यांत येणाऱ्या पुण्या-संभाजीनगरच्या हौशी मंडळींस, तसेच आमच्या बोरीच्या तरुणांस एक विनंती आहे. पाणंद रस्ते आणि गाडीवाटा शेतकऱ्याच्या वहिवाटीच्या आहेत. त्या मोकळ्या राहाव्यात म्हणून तो मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसील कचेरीत वर्षानुवर्षे खेटे घालतो. जून ते सप्टेंबर या काळात त्यांवरून जड गाड्या नेऊन खोल चाकोऱ्या पाडू नका, कारण त्यांत पाणी साचले की पेरणीच्या ऐन हंगामात त्याचे खत व बियाणे शेतापर्यंत पोहोचत नाही. दिवाळीनंतर, जमीन वाळून कठीण झाल्यावर या. आणि शेताची कवाडे ज्या स्थितीत मिळाली त्याच स्थितीत लावून जा.